पाडायच्या घराला पुट्टी

अक्का,

तुमच्या तेरवीला कंधारला माणसं बरीच जमली होती. प्रत्येकाने तुमच्याबद्दल चांगलंच सांगितलं. सोशीक होत्या, देवभोळ्या होत्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी वरणाच्या पातेल्यापाशी उभी राहून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, ही कुठली बाई? तुम्ही देवभोळ्या नव्हता. सोशीक तर मुळीच नव्हता. भिंतीत खिळा वाकडा ठोकला म्हणून तुम्ही तुमच्या सख्ख्या भावाला भरल्या ताटावरून उठवलं होतं.

आणि पुट्टीचं नाव एकानेही काढलं नाही.

म्हणून लिहायला बसले. रडारड मला जमत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मी शाळेत गणित शिकवते. जे घडलं ते क्रमाने मांडता येतं, तेवढंच.

तुम्ही उदगीरला आमच्याकडे आलात तेव्हा मनू दीड वर्षाची होती. भोकरला तुमचे मालक रंगकाम करायचे. परांचीवरून पडून ते गेले, मूलबाळ नव्हतं, सासरी कोणी विचारीना. मग हे, तुमचे धाकटे भाऊ, तुम्हाला आणायला गेले. बसमधून उतरताना तुमच्या हातात एक ट्रंक होती. मला वाटलं होतं कपडे असतील. चार पातळं होतीच, पण त्यांच्या खाली दोन लोखंडी पट्ट्या होत्या, घासून घासून कागदासारख्या पातळ झालेल्या, आणि अर्धी पिशवी पांढरी पावडर.

“हे काय, अक्का?”

“पुट्टी. आमचे मालक रंग द्यायचे, मी भिंत भरायची. भिंत माझी असायची, नाव त्यांचं.”

नवरा जाऊन दोन महिने झालेली बाई हे असं म्हणते, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. आठवड्याच्या आत तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराची चौकट भरायला घेतलीत. वाळवीने खालून खाल्ली होती ती. मी म्हणाले, सुताराला बोलावू. तुम्ही म्हणालात, “सुतार चौकट बदलंल. मी भोक भरते. तुला काय पायजे, चौकट का सुतार?”

मी तुमच्याकडून शिकले ते असं. आधी पाणी घ्यायचं, मग त्यात पावडर चिमटीने सोडायची. उलटं केलं की गुठळ्या होतात. लाकडासाठी असेल तर सुताराचा पांढरा गोंद घालायचा. कणकेपेक्षा सैल, श्रीखंडापेक्षा घट्ट. भोकाची कड आधी ओल्या फडक्याने पुसायची. भरताना थोडं फुगीर ठेवायचं, कारण वाळताना ते खाली बसतं. दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपरने घासायचं. खोल खड्डा एका दमात भरायचा नाही, दोन-तीन थर द्यायचे. “एकदम भरलं की वरून वाळतंय, आतून ओलं ऱ्हातंय. मग फाटतंय.” आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका वेळी मुठीत मावेल तेवढीच भिजवायची.

हे शेवटचं मला पटलं नव्हतं. रोज मूठभर भिजवण्यात वेळ जातो, असं माझं मत. एका रविवारी तुम्ही देवळात गेलात आणि मी शहाणपणा करून घमेलंभर भिजवली. मध्ये मनू उठली, दूध उतू गेलं, शेजारीण बोलत बसली. दुपारी पाहिलं तर घमेल्यात दगड.

तुम्ही आलात, पाहिलंत, पदर तोंडाला लावून हसलात. “मास्तरीण बाई, हेच गणित शिकवती का पोरायला?”

“आता ह्याचं काय करू?”

“शेंदूर लाव. पूजा कर.”

वर्षभर तो शब्द मी ऐकून घेतला. भाजीत मीठ जास्त झालं तरी “शेंदूर लावा”.

त्या घरात तुम्ही काय काय भरलं नाही? खाटेचा उंदराने कुरतडलेला पाय. कपाटाच्या खणाची तुटलेली मूठ तुम्ही साबणाच्या वडीत साचा कोरून नवी ओतली. ती आजही ओढली जाते. मनूच्या फोटोच्या चौकटीला पुट्टीची फुलं. गल्लीतल्या बायका महालक्ष्म्या बसायच्या आठ दिवस आधी मुखवटे पदराखाली घेऊन यायच्या. कुणाचं नाक उडालेलं, कुणाचा कान. ओसरीवर ओळीने मुखवटे मांडून तुम्ही बसायचात आणि त्यांच्याशी बोलायचात. “थांब गं, तुझं झालं. आता धाकटीचं. एकीचं नाक नीट केलं की दुसरी रुसती.” मला ते पोरकट वाटायचं. आता सांगते, शाळेतून आल्यावर मी मुद्दाम ओसरीतूनच आत जायची.

मग मनू आठवीत असताना ते दुष्काळाचं साल आलं. लातूरला आगगाडीने पाणी आणावं लागलं, तेच. आमच्याकडे नळ कधी येईल याचा भरवसा नव्हता. टँकर गल्लीच्या तोंडाशी थांबायचा आणि बायका घागरी घेऊन पळायच्या. आणि त्याच साली, घशाला कोरड असताना, सगळ्या गावाच्या तोंडी एकच विषय. उदगीर जिल्हा होणार. चहाच्या गाड्यावर होणार, आडतीत होणार, आमच्या शिक्षक खोलीत तर झालाच होता. कलेक्टर कचेरी कुठे बसणार तेही ठरलं होतं.

शाळेत प्रदर्शन होतं, म्हणून मी तुम्हाला लातूर जिल्ह्याचा उठावाचा नकाशा करायला सांगितला होता. तुम्ही फळीवर पातळ पातळ थर देत बालाघाटाचे डोंगर उभे केलेत. पट्टीच्या टोकाने मांजरा नदी कोरली. मग ब्रश हातात घेऊन मला विचारलंत,

“हिला कोणता रंग देऊ?”

“निळा. नदी आहे ती.”

“निळा दे म्हणती. हाय का पानी? खोटं शिकवती तू.”

हे तिथेच बसले होते. म्हणाले, “अक्का, घाई करू नको. उदगीर जिल्हा झाला की हा नकाशा पुन्हा करावा लागंल.”

तुम्ही पट्टी उचललीत आणि उदगीर, देवणी, जळकोट यांच्या पश्चिमेने एक बारीक रेघ ओढलीत. “घ्या. झाला जिल्हा. अजून काय?”

आम्ही तिघंही हसलो. तसं तिघं मिळून हसणं नंतर फारसं झालं नाही.

कारण जिल्हा होणार म्हणून मीही हिशेबाला लागले होते. आपली गल्ली मोठ्या रस्त्याला लागणार, असं बोललं जात होतं. जुनं घर पाडायचं, पुढे दुकानाचा गाळा काढायचा, मागे आपण राहायचं. मी आलेखाच्या कागदावर स्वतः नकाशा काढला. एक चौकोन म्हणजे एक फूट. इंजिनिअरला द्यायच्या आधी आपल्याला काय हवं ते आपल्याला कळलं पाहिजे, असं मी यांना सांगितलं. हे हो म्हणाले. हे नेहमी हो म्हणतात.

त्या उन्हाळ्यात काळी जमीन इतकी सुकली की घरांखालून सरकली. अंगणातली भेग पायरीखाली गेली, पायरीखालून भिंतीत चढली. मधल्या खोलीत, तुमच्या खाटेच्या डोक्याशी, ती कमरेएवढी उंच आली. तुम्ही लगेच पट्टी काढलीत.

पण तुमची पहिली रीत म्हणजे भिंत ओली करणं. कोरडी भिंत पुट्टीतलं पाणी पिऊन टाकते आणि पुट्टीची पुन्हा भुकटी होते, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. आणि मी घरात नेम केला होता. माणशी एक बादली. प्यायचं वेगळं, बाकी सगळं त्या बादलीत. भिंतीला पाणी नाही.

“दोन तांबे लागतील,” तुम्ही म्हणालात.

“एकसुद्धा नाही, अक्का. भिंत काही तहानेने मरत नाही.”

तुम्ही तशीच भरलीत, कोरड्या भिंतीत. दोन दिवसांनी ती पोपडे धरून खाली आली. मी केरसुणीने ते गोळा केलं आणि, मला शब्द न् शब्द आठवतो, म्हणाले, “पाहिलंत? या घराला आता काही धरत नाही. पाडायच्या घराला कशाला पुट्टी लावता?”

पुट्टी का पडली हे मला माहीत होतं. मी पाणी दिलं नाही म्हणून पडली होती. मी ती घराविरुद्ध पुरावा म्हणून वापरली.

तुम्ही म्हणालात, “पाडायचं हाय तवा पाडा. तवर ऱ्हायचं तर हाय न्हवं?”

चार दिवसांनी मी शाळेतून लवकर आले. तुम्ही मधल्या खोलीत जमिनीवर बसला होता. शेजारी तुमची बादली. तिच्यात फडकं बुडवून तुम्ही भिंत ओली करत होता, हळूहळू, तापात कपाळावर पट्ट्या ठेवतात तशी. तुमच्या पायांवर धूळ तशीच होती. अंघोळ केलेली नव्हती. एवढ्या उन्हाळ्यात तुम्ही किती दिवस अंघोळ केली नव्हती, हे मी विचारलं नाही. मी काय विचारलं?

“तुमचं पाणी तुम्ही भिंतीला घालताय?”

“माझ्या वाटणीचं हाय.”

“घाम येतो माणसाला. आजारी पडलात तर कोण करणार?”

“करू नको कोणी.”

मग माझाही तोल गेला. मी कपाटातून नकाशा काढला आणि खाटेवर पसरला. बघा म्हटलं, इथे काय होणार आहे ते. ही भिंत राहणारच नाही. तुम्ही हात पातळाला पुसलेत आणि जवळ आलात. तुम्हाला नकाशा वाचता येत नसेल असं मी धरून चालले होते. पंधरा वर्षं रंगकाम केलेल्या बाईला मापं कळत नसतील, हे मला कसं वाटलं?

तुमचं बोट कागदावर फिरायला लागलं.

“ही कोणाची?”

“आमची.”

“ही?”

“मनूची. दहावीला येईल, अभ्यासाला खोली पाहिजे.”

“हे येवढंसं काय हाय?”

“स्कुटी लावायला.”

बोट थांबलं. तुम्ही पुन्हा एकदा सगळ्या कागदावरून नजर फिरवलीत, काही राहिलं नाही ना, बघावं तशी.

“आन् पाहुणे आले तर?”

“हॉलमध्ये.”

“हाव,” तुम्ही म्हणालात. “पाहुण्याला हॉल लई झाला.” आणि थोड्या वेळाने, “चांगलं काढलंस गं. उजेड लई येईल.”

तुम्ही भेग पुरी केलीत. रोज एक थर, तीन दिवस. चौथ्या दिवशी पॉलिश पेपरने घासलीत, हात फिरवून पाहिलंत. रविवारी जेवताना यांना म्हणालात, “बालाजी, मला थोरल्याकडं सोडून ये. कंधारचं पानी गुडघ्याला बरं हाय म्हणतात.” त्या साली कंधारला तरी पाणी कुठे होतं? यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोळी लाटत होते. लाटणं थांबवलं नाही.

आता जे मी कधीच बोलले नाही ते. तुम्ही गेल्यावर यांनी मला एकदाच विचारलं, अक्काची खोली राहून गेली का? मी म्हणाले, कच्चा नकाशा होता, ध्यानात आलं नाही. ते खोटं होतं. तुमची खोली माझ्या पहिल्या कागदावर होती, आठ बाय दहा. तिच्यामुळे गाळा लहान होत होता. मी चौकोन तीनदा मोजले, दोनदा खोडलं, आणि मग ती काढली. तुमच्यावर राग होता म्हणून नाही. राग असता तर मला सोपं गेलं असतं. लग्न होऊन आल्यापासून माझ्या घरात कुणी ना कुणी होतं, आधी सासूबाई, मग तुम्ही. एकदा तरी आम्ही तिघंच राहावं, असं मला वाटलं. हे वाटणं गुन्हा आहे असं मी आजही म्हणणार नाही. पण ते मी तुमच्या तोंडावर बोलायला हवं होतं. मी ते कागदाला बोलायला लावलं.

आणि तुम्ही तरी, अक्का? भावाला ताटावरून उठवणारी बाई त्या दिवशी कुठे गेली? “माझी खाट कुठं?” असं तुम्ही एकदा विचारलं असतंत, तर मी भांडले असते, आदळआपट केली असती, आणि संध्याकाळपर्यंत स्कुटीला अंगणात हाकललं असतं. मला ओळखत होता तुम्ही. ही माझी तक्रार आहे आणि ती मी मागे घेत नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. पाऊस आला त्याच्या आधीच गावातली बांधकामं पाण्यावाचून बंद पडली होती. जिल्हा झाला नाही. रस्ता रुंद झाला नाही. नंतर मनूच्या शिक्षणाला पैसे लागले. घर आहे तिथेच आहे. दिवाळीला फोन केला की तुम्ही विचारायचात, “भिंत कशी हाय?” मी म्हणायची, “उभी आहे.” “धरलंय ना?” “धरलंय.” मग तुम्ही थोडा वेळ गप्प राहायचात आणि मी म्हणायची, बरं, ठेवते, दूध गॅसवर आहे. आठ दिवाळ्या. त्या गप्प राहण्यात एक वाक्य मावलं असतं: अक्का, परत या. दूध दर वेळी गॅसवर नव्हतं.

हेही सांगते, तुमचं सगळंच बरोबर नव्हतं. मोरीच्या भिंतीला पुट्टी लावू नका, सतत पाणी लागतं तिथे ती टिकणार नाही, असं मी म्हणत होते. ती दोन पावसाळ्यांत सुटली. त्यावर आपला वाद अर्धाच राहिला. तुम्ही म्हणत होतात की दुकानदाराने जुनी पावडर दिली. तुम्ही हरलात असं मी धरून चालते. पण मधल्या खोलीतली भेग उघडली नाही. त्यानंतर जमीन किती वेळा सुकली आणि फुगली. रंग दोनदा दिला. हात फिरवला तरी जागा सापडत नाही, आणि मला ती जागा माहीत आहे.

तेरवी झाल्यावर थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, “अक्काची खोली आवरून देता का? माझ्याच्यानं व्हईना.” असली कामं माझ्याकडेच येतात. पातळांच्या घड्या घातल्या, गोळ्यांची पाकिटं टाकून दिली, खाट ओढली. खाटेमागच्या भिंतीला भेग होती. छतापासून खालपर्यंत, उघडी, कडा काळवंडलेल्या. माझं अख्खं बोट आत गेलं.

मी जाऊबाईंना हाक मारली. “हे कधीचं?”

“अगं माय, त्या यायच्या आधीपासनं हाय. आम्ही किती डाव म्हणलो, अक्का, तुमाला येतंय, भरून घ्या की. मी सोता पुट्टी आणून देते म्हणलं. थंडीत वारं यायचं तिथनं.”

“मग?”

“म्हणायच्या, ‘असू दे गं. तुमची भिंत हाय.’”

भेगेत तुमच्या उशीच्या उंचीवर वर्तमानपत्राची घडी कोंबलेली होती. ती ओढली तर तिच्या मागे आणखी एक निघाली, आणि तिच्या मागे आणखी एक. दर थंडीला एक असावी. मी त्या होत्या तशा परत आत ढकलल्या आणि खाट भिंतीला लावली.